मधली सुट्टी कमी करणार नाही : सगळ्या पालकांना खुलं पत्र

पालकहो, आजी-आजोबांनो, आणि रोज रात्री मुलांचं दप्तर भरून देणाऱ्या सगळ्यांनाच नमस्कार,

अर्धं सत्र संपलं. दर सत्राला या सुमारास मी एक पत्र पाठवते, निकाल, कार्यक्रम, सूचना असं सगळं त्यात असतं. या वेळीही तसंच लिहायला बसले होते पण दोन ओळींच्या पुढे जाईना, कारण डोक्यात एकच विषय घोळतोय. मागच्या महिन्यात काही पालकांनी सह्या करून अर्ज दिला की मधली सुट्टी ४० मिनिटांची आहे ती २० मिनिटांची करा आणि वाचलेल्या वेळात गणिताचा जादा सराव घ्या. अर्ज चांगला लिहिलेला होता, कुठे आवाज चढवलेला नव्हता, आणि त्यामागची काळजी मला शंभर टक्के समजते. मुलं आकडेमोडीत कच्ची राहिलीत हे पालकसभेत मीच बोलले होते. तरी माझं उत्तर नाही असं आहे, आणि ते का हे फक्त सह्या करणाऱ्यांनाच नाही तर सगळ्यांनाच सांगावं असं वाटलं.

आधी त्या ४० मिनिटांत होतं काय ते सांगते, कारण तुम्हाला शाळा दिसते ती सकाळी गेटवर आणि सुटताना गेटवर, मधलं काही दिसत नाही. घंटा झाली की वर्गातून बाहेर पडणं, जिना उतरणं, नळावर हात धुणं यातच पाच-सात मिनिटं जातात. मग डबा. पहिली-दुसरीच्या मुलांना झाकण उघडायलाच वेळ लागतो, काही मुलं मुळातच सावकाश खातात आणि त्यांनी सावकाशच खावं, घास कोंबून पळू नये. मग टॉयलेटची रांग, ती मुलींच्या बाजूला कायम लांब. हे सगळं होईपर्यंत घड्याळात वीस-बावीस मिनिटं झालेली असतात. म्हणजे सुट्टी २० मिनिटांची केली तर डबा आणि रांग तेवढी उरते आणि खेळ जातो, थोडा नाही, सगळाच जातो.

रांगेचा विषय निघालाय तर तेही सांगून टाकते. वेळ पुरत नसला की काही मुली काय करतात तर पाणीच पीत नाहीत. बाटली सकाळी भरून येते आणि जवळजवळ तशीच भरलेली घरी जाते. तुमच्याकडे असं होत असेल तर तिला ओरडू नका, शांतपणे विचारा. दिवसभर पाणी कमी प्यायचं आणि लघवी रोखून धरायची यातून इन्फेक्शन होतं, पोट साफ होत नाही, डोकं दुखतं, आणि मग शेवटच्या तासाला मूल चिडचिड करतं त्याला आपण अभ्यासाचा कंटाळा म्हणतो. या सत्रापासून सगळ्या शिक्षकांना सांगितलंय की तास चालू असताना कुणीही जाऊ का विचारलं तर नाही म्हणायचं नाही, तुमच्या घरीही हे मुलांना सांगा, काही मुलं अजूनही विचारायला घाबरतात.

आता अभ्यासाचं. डेन्मार्कच्या सरकारी शाळांमधल्या मुलांनी दिलेल्या जवळपास २० लाख परीक्षांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. एकाच प्रकारची परीक्षा, पण कुणाची सकाळी झाली कुणाची दुपारी, कारण शाळेतले कॉम्प्युटर ज्या वेळी मोकळे त्या वेळी तो वर्ग बसायचा. त्यात दिसलं असं की दिवस जसा पुढे सरकतो तसे दर तासाला गुण थोडे थोडे घसरतात आणि २० ते ३० मिनिटांची सुट्टी झाली की परत वर येतात. फरक फार मोठा नाही, उगाच वाढवून सांगत नाही. पण मला महत्त्वाचं वाटलं ते पुढचं, दमणुकीचा फटका जास्त बसतो तो अभ्यासात मागे असलेल्या मुलांना आणि सुट्टीचा फायदाही त्यांनाच जास्त होतो. म्हणजे ज्या मुलांच्या काळजीपोटी सुट्टी कापा असा अर्ज आला, नेमकी तीच मुलं सुट्टी कापल्यावर सगळ्यात जास्त तोट्यात जातील.

फिनलंडमध्ये तर ४५ मिनिटं शिकवणं आणि मग १५ मिनिटं बाहेर अशी दिवसाची रचनाच असते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली स्पष्ट लिहिलंय की शिक्षा म्हणून किंवा जादा अभ्यासासाठी मुलांची सुट्टी काढून घेऊ नये. आणि यातलं शिक्षेचं वाक्य मला स्वतःला लागलं, कारण आपल्याच शाळेत गृहपाठ केला नाही तर सुट्टीत वर्गात बसून पूर्ण कर असं वर्षानुवर्षं चाललेलं होतं, मीही वर्गशिक्षिका असताना ते केलंय. जे मूल तासभर एका जागी बसू शकत नाही त्याच्याकडूनच गृहपाठ राहतो आणि त्यालाच आपण आणखी ४० मिनिटं बसवून ठेवत होतो! हे चूक होतं. जूनपासून ते पूर्ण बंद केलंय आणि कुठल्या वर्गात पुन्हा झालं तर मला थेट कळवा.

डोळ्यांचंही सांगायला हवं. चष्मा लागलेली मुलं किती वाढलीत हे कुठल्याही वर्गाच्या दारात उभं राहिलं की दिसतं. चीनमधल्या ग्वांगझू शहरात १२ शाळांमधल्या पहिलीच्या मुलांवर तीन वर्षं प्रयोग झाला, २०१५ साली तो छापून आला. निम्म्या शाळांमध्ये रोज ४० मिनिटं उघड्यावरचा जादा तास ठेवला आणि शाळा सुटल्यावर, सुट्टीच्या दिवशीही मुलांना बाहेर खेळू द्या असं पालकांना सांगितलं, बाकीच्या शाळांमध्ये काही बदललं नाही. तीन वर्षांनी नेहमीच्या शाळांमधल्या ३९.५ टक्के मुलांना लांबचं कमी दिसायला लागलं होतं, बाहेर खेळलेल्या मुलांमध्ये ते प्रमाण ३०.४ टक्के होतं. औषध नाही, खर्च नाही, फक्त उजेड. वर्गात कितीही ट्यूबलाइट लावल्या तरी बाहेरच्या दिवसाच्या उजेडाच्या कितीतरी कमीच पडतात, आणि शाळा सुटल्यावर क्लास, क्लासवरून घर, घरी स्क्रीन असा ज्यांचा दिवस आहे त्यांना बाहेरचा उजेड मिळायची वेळ ही मधल्या सुट्टीचीच, दुसरी कुठली आहे सांगा.

आता जे झालं त्याबद्दल. चौथीतलं एक मूल ग्राउंडवर पडून मनगटाचं हाड मोडलं हे एव्हाना सगळ्यांना माहिती आहे, आणि अर्जातलं एक वाक्य त्यावरून आलंय हेही मला कळतंय. यात चूक शाळेची होती. त्या दिवशी ग्राउंडच्या मागच्या बाजूला एकही शिक्षक नव्हता, दोन शिक्षक रजेवर होते आणि ड्युटी बदलून द्यायची राहिली, ती जबाबदारी माझी. मी त्या घरी जाऊन हे समोर बसून सांगितलंय आणि इथेही सांगते. लहान मुलांची हाडं ओल्या फांदीसारखी असतात, बऱ्याचदा पूर्ण तुटत नाहीत, वाकून एका बाजूला चिरतात आणि मोठ्यांपेक्षा लवकर जुळतात, आता प्लास्टर निघालंय आणि बोटं सगळी व्यवस्थित हलताहेत. पण म्हणून मी ते छोटं समजत नाही. तेव्हापासून ग्राउंडचे चार भाग केलेत, प्रत्येक भागाला एक माणूस ठरलेला, आणि कोण रजेवर असेल तर त्या जागी कोण हे सकाळी प्रार्थनेआधी फळ्यावर लिहिलं जातं. शिक्षक कमी पडले तर मी स्वतः उभी राहते. मागच्या भिंतीजवळची उखडलेली फरशीही काढून घेतली.

काही जणांनी सुचवलं की मुलांना पळूच देऊ नका, बसून खेळायचे खेळ द्या. हे मी आठवडाभर खरंच करून बघितलं, पहिली ते चौथीला. ग्राउंडवर शांतता होती आणि त्यानंतरच्या तासाला वर्गात जे चाललं होतं ते बघून सगळ्या बाई माझ्याकडे आल्या, मोठ्या बाई, हे थांबवा म्हणून. मुलांमधली धावायची गरज कुठे जात नाही हो, ती बाकांमध्ये येते, जिन्यात येते, आणि जिन्यात पडणं ग्राउंडवर पडण्यापेक्षा वाईट. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ५ ते १७ वयाच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल सांगितलीय. सुट्टीतली पकडापकडी धरून आपली किती मुलं तिथपर्यंत पोचतात याचा प्रत्येकाने आपापल्या घरी हिशेब करावा.

अर्जात आणखी एक मुद्दा होता आणि तो मला सगळ्यात अवघड गेला, की चिडवाचिडवी, एकटं पाडणं हे सगळं सुट्टीतच होतं, मग सुट्टीच कमी केली तर तेही कमी होईल. यावर मी बरेच दिवस विचार केला.

एका मुलाचं सांगते, त्याच्या आईला विचारून. पाचवीत नवीन आला, जूनमध्ये. मधल्या सुट्टीत रोज पाण्याच्या टाकीपाशी उभा असायचा, टाकीला पाठ लावून, हातात बाटली. कुणी मारत नव्हतं, कुणी काही हिसकावून घेत नव्हतं, त्यामुळे कुठल्याच वहीत नोंद होण्यासारखं काही नव्हतं. फक्त तो कुठल्या टोळक्याजवळ गेला की ते टोळकं तिथून हलायचं. वर्गात हे दिसतच नाही, वर्गात सगळे ओळीत बसलेले असतात, शेजारी कोण बसणार ते बाई ठरवतात. ग्राउंडवर कोण कुणाला खेळायला घेतं हे मुलं ठरवतात म्हणून तिथे दिसलं. आमच्या शाळेच्या मावशींनी पहिलं बघितलं, मी नाही, शिक्षकांनी नाही. त्यांनी येऊन सांगितलं की तो पोरगा आठवडाभर एकाच जागी उभा आहे.

सुट्टी २० मिनिटांची असती तर त्याचं एकटेपण गेलं नसतं, आम्हाला दिसलं नसतं इतकंच.

नॉर्वेमधले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी मुलं मुलांना त्रास देतात या विषयावर आयुष्यभर काम केलं, त्यांनी अशा त्रासाच्या तीन खुणा सांगितल्या, मुद्दाम केलेलं, पुन्हा पुन्हा होणारं, आणि ज्यात एका बाजूची ताकद जास्त आहे असं. एकदा भांडण झालं, ढकलाढकली झाली, दुसऱ्या दिवशी गळ्यात गळे, ते त्रास देणं नव्हे, ते भांडण. हे तुम्हाला सांगायचं कारण असं की मला रोज येणाऱ्या फोनपैकी बरेच भांडणाचे असतात आणि ज्याला खरा त्रास होतोय त्याच्या घरून फोनच येत नाही, कारण ते मूल घरी बोलतच नाही. युनेस्कोने २०१९ साली जगभरचे आकडे एकत्र केले तेव्हा साधारण दर तीन मुलांमागे एकाला महिन्याभरात एकदा तरी शाळेत त्रास झालेला होता. आपली शाळा याला अपवाद असेल असं मी समजत नाही, तुम्हीही समजू नका.

कॅनडात ग्राउंडवर कॅमेरे लावून केलेला एक अभ्यास आहे, २००१ सालचा. त्यात बघणाऱ्या मुलांपैकी कुणी मध्ये पडलं तर निम्म्याहून जास्त वेळा त्रास लगेच थांबला, काही सेकंदांत. मोठं माणूस नव्हे, दुसरं मूल. त्यामुळे पाचवीच्या वर्गात आम्ही कुणाला उभं करून विचारलं नाही की तुम्ही याला का घेत नाही, त्याने त्या मुलाची आणखी कुचंबणा झाली असती. वर्गशिक्षिकेने दोन मुलांना बाजूला घेऊन फक्त एवढं सांगितलं की टाकीपाशी तो उभा असतो, तुम्हाला जमेल का काही. त्यातल्या एकीने दुसऱ्या दिवशी त्याला विचारलं की आमच्यात एक गडी कमी आहे येतोस का. खरंच कमी होता की नव्हता देव जाणे. आता तो खेळतो, रोज नाही, कधीकधी अजून टाकीपाशी असतो पण पाठ लावून नसतो. हे लिहिताना मला भरून येतंय आणि त्याची लाज वाटत नाही.

मग तुमच्याकडून काय हवं आहे, तर पहिली गोष्ट पालकांचे व्हॉट्सॲप ग्रुप. मुलांची भांडणं रात्री दहाला ग्रुपवर जातात, दुसऱ्याच्या मुलाचं नाव घेऊन, आणि सकाळी दोन्ही मुलं शाळेत येतात ती घरचं सगळं ऐकून. मुलं संध्याकाळीच मिटवून मोकळी झालेली असतात आणि मोठ्यांमुळे ते आठवडाभर चालतं. प्लीज, कुणाच्याही मुलाचं नाव ग्रुपवर टाकू नका. मला फोन करा, शाळा सुटल्यावर भेटा, वर्गशिक्षिकेला डायरीत लिहा, दोन दिवसांत उत्तर मिळालं नाही तर माझ्या केबिनमध्ये येऊन बसा.

दुसरी झोप. पहिल्या तासाला बाकावर डोकं टेकणारी मुलं वाढलीत. ६ ते १२ वयाला ९ ते १२ तास आणि १३ ते १८ वयाला ८ ते १० तास झोप हवी असं झोपेवर काम करणाऱ्या डॉक्टरांनी २०१६ मध्ये ठरवून सांगितलंय. सकाळी सहाला उठवायचं असेल तर सहावीतलं मूल नऊला झोपायला हवं, साधी वजाबाकी आहे. फोन रात्री त्यांच्या खोलीत नको, एवढंच मागते.

आजारपणाचं थोडक्यात, ताप असताना औषध देऊन पाठवू नका. औषधाचा असर उतरतो तो बरोब्बर सुट्टीनंतर, आणि तोपर्यंत शेजारचे दोघं-तिघं लागण घेऊन मोकळे. औषधाशिवाय २४ तास ताप नसला की पाठवा. कांजिण्या असतील तर सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत घरीच. हजेरीची काळजी करू नका, मी बघते.

आणि गणित. तुमचा अर्ज मी बाजूला ठेवलेला नाही. २००६ साली रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं की धडा पुन्हा पुन्हा वाचलेल्यांपेक्षा पुस्तक मिटून आठवून लिहिलेल्यांच्या आठवड्यानंतर जास्त लक्षात राहतं, गंमत म्हणजे पाच मिनिटांनी तपासलं तर उलटं दिसतं, वाचणारे पुढे, म्हणून मुलांना आणि आपल्यालाही वाचलं की आलं असं वाटतं. तर आता पाचवीपासून पुढे गणिताच्या प्रत्येक तासाची पहिली सहा मिनिटं कोऱ्या कागदावर, वही बंद, मागच्या आठवड्यातली तीन उदाहरणं. मार्क नाहीत, ते कागद घरी येणार नाहीत, त्यावरून कुणाची तुलना होणार नाही. हा जादा सराव तासातूनच काढलाय, सुट्टीतून नाही. ज्यांना स्वतंत्र मदत लागते त्यांच्यासाठी शाळा सुटल्यावर आठवड्यातून दोन दिवस गट बसतो, तिथे जागा आहेत. दिवाळीनंतर किती फरक पडला ते मी पालकसभेत ठेवीन, नाही पडला तर तसं सांगेन आणि मग पुन्हा बसू. सुट्टीला हात लावायचा नाही एवढंच माझ्या बाजूने पक्कं आहे.

शिक्षकांबद्दल एक. दोन जागा रिकाम्या आहेत, त्यामुळे जे आहेत त्यांच्यावर ताण आहे, आणि ४० मिनिटांच्या सुट्टीतली त्यांची ड्युटी म्हणजे त्यांचा स्वतःचा डबा उभ्या उभ्या. तरी सुट्टी कमी करा असं एकाही शिक्षकाने म्हटलं नाही, उलट अर्ज आल्यावर सगळ्यात आधी त्याच मला भेटायला आल्या. मला त्यांना बसून डबा खाता येईल अशी व्यवस्था करायची आहे. महिन्यातून एखाद्या दिवशी अर्धा तास ग्राउंडवर उभं राहायला ज्यांना जमेल त्या पालकांनी, आजी-आजोबांनी ऑफिसमध्ये नाव द्या. शिक्षक सोबत असतीलच, तुम्ही फक्त बघायचं आणि काही दिसलं तर सांगायचं. मावशींना जे दिसलं तसं आणखी चार डोळ्यांना दिसावं. अर्जावर सह्या केलेल्यांनी तर नक्की या. आधी ऑफिसला कळवा, पास तयार ठेवू, आणि आपल्या मुलाला हाक मारू नका, लांबून बघा.

तुमची,
मुख्याध्यापिका

ता. क. : ग्राउंडवर राहिलेल्या बाटल्या, स्वेटर, एक चष्मा आणि डाव्या पायाचे तीन बूट ऑफिसच्या बाहेरच्या पेटीत आहेत. चष्मा लहान मुलाचा आहे, निळी फ्रेम, ज्याचा असेल त्याला दिसायला त्रास होत असणार, आजच घेऊन जा.